एका वेळी एक नळ

दार उघडलं की मी आधी चहाला नको म्हणतो,
मग हो म्हणतो,
आणि आधण येईपर्यंत
स्वयंपाकघरातल्या नळाखाली मापाचं भांडं धरतो.
रस्त्यातून दाब किती येतो, ते आधी.
किंमत, हमी, धुराडं कुठून काढायचं, ते नंतर.

ट्रिऑर्कीत चढावरच्या घरांना पाणी धापा टाकत पोचतं.
परवा अगदी वरच्या टोकाला गेलो होतो:
दोन न्हाणीघरं, तीन वाढत्या मुली,
आणि त्यांचा बाप एम्रिस पाउनी
कॉम्बीच हवा म्हणून हटून बसलेला,
कारण मेव्हण्याकडे आहे.
मेव्हणा एकटा राहतो, मी म्हटलं.
तुझ्याकडे सकाळी पावणेआठला एक शॉवरखाली असेल,
दुसरी खाली कप विसळायला नळ सोडेल,
आणि वरून जी किंकाळी येईल
ती ऐकायला मी इथे नसेन, एम्रिस.
टाकी ठेव.

आज चौदा नंबर. एलुनेड प्रॉसर, वय एकोणऐंशी.
भांड्यात मिनिटाला बारा लिटर, झकास.
माझ्याकडे छापील कागद असतो, प्रश्न ठरलेले.
न्हाणीघरं किती? एक.
एका वेळी अंघोळ करणारी माणसं किती?
ती म्हणाली, "माझ्या अंघोळीला
तुझ्या मते किती लागतील?"
मी एक लिहिलं.

मग वर, जिन्यालगतचं कपाट.
तांब्याची टाकी, लाल रजईत गुंडाळलेली,
कंबरेचा पट्टा सैल पडलेला.
एकशे सतरा लिटर, दिवसातून दोनदा तापणारं,
त्यातलं ती वापरते फार तर तीस.
वरच्या फळ्यांवर टॉवेल, उशांचे अभ्रे,
आणि पुरुषाच्या लोकरी बनियन, सहा,
काठाला काठ जुळवून.
बस डेपोतलं ऑइल
एकीच्या बाहीवर अजून पुसट दिसत होतं.
आयव्हरला जाऊन चार वर्षं झाली.
मीच गेलो होतो त्यांच्याकडे रेडिएटर बदलायला,
त्याच्या आदल्या हिवाळ्यात.

मी सांगितलं, टाकी निघेल,
माळ्यावरचीही निघेल, जागा मोकळी होईल.
मागाल तेव्हा गरम पाणी, मागाल तेवढंच.
रात्रभर कुणासाठीच नसलेलं पाणी
तापवत ठेवायचा खर्च वाचेल.
"आणि या फळ्या?"
फळ्या राहतील.
"गार?"
गार.

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही.
मग विचारलं, तुझं यंत्र बंद पडलं तर?
तर गरम पाणी नाही, मी म्हटलं. थेंबही नाही.
टाकीत निदान विजेची कांडी असते, अडीनडीला.
"तू विकायला आलायस का सौदा मोडायला?"

मला ते ठरवता येईना.
कागद सगळा हो म्हणत होता,
आणि कागद चुकीचा नव्हता.
बनियनींसाठी त्यावर चौकोन नाही.
तिने वरची एक उचलून खाली ठेवली,
खालची वर आणली,
दुधाची पिशवी फ्रीजमध्ये ठेवावी तशी, सवयीने.
"कुणासाठीच नसलेलं," ती म्हणाली,
"असं तू म्हणालास ना मघाशी?"

मी कागद घडी करून खिशात टाकला.
गुडघ्यावर बसून रजईचा पट्टा दोन भोकं आवळला,
तापमानाचा काटा साठवर आणला,
म्हटलं, मार्चमध्ये बघू.
त्याचे पैसे घेतले नाहीत.
चहाही तोवर गार झाला होता, तसाच प्यायलो.

माझ्या घरी कॉम्बी आहे, मीच बसवलेला.
संध्याकाळी हात धुवायला नळ सोडला.
पहिलं अर्धं मिनिट थंडच येतं,
हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.
हात पाण्याखाली धरून
मोजत उभा राहिलो.