फाटक उघडण्याचे दिवस

हमीदाने कॅलेंडरचं पान उलटं करून मागे लिहिलं:
टाकी फुल, स्टेपनी, उलटीच्या गोळ्या,
भाकऱ्या तू, सुकटीची चटणी मी,
ओळखपत्रांच्या झेरॉक्स –
दुकान तुझंच, म्हणजे फुकट.

आणि दोघी अडलो ते महिन्यापाशी.

कुंभार्ली घाट चढून पलीकडे
तळ्याकाठच्या त्या राखीव रानात
धबधबे जोरात असतात तेव्हा फाटक बंद.
फाटक उघडतं तेव्हा
कातळावर नुसते पांढरे ओघळ,
मांडव सोडल्यावर अंगणात
खांबांचे खळगे राहतात ना, तसे.

"पाणी बघूनच कुलूप घातलंय मेल्यांनी," हमीदा म्हणाली.
फोनवरचा वनरक्षक म्हणाला, दिवाळीनंतर या,
जळवा कमी होतात,
एखाददुसरा धबधबा असेल अजून.
एखाद की दुसरा?
तोवर त्याची रेंज गेली होती.

दुकानाच्या पायरीशी तातोबा कदमांचं इस्त्रीचं टेबल.
कोळसा फुंकता फुंकता म्हणाले, "मे महिन्यात जावा.
तळं उतरलेलं असतंय."
आणि इस्त्री उभी करून रस्ता सांगायला लागले:
दोन आंबे लागतील, त्यातला आंबट डाव्या हाताला ठेवायचा.
पाटलाची विहीर गेली की चढ.
चढावर कुत्रं अंगावर येतं, पण चावत नाही.
मग देऊळ. पुढून जाऊ नका,
म्हशींनी चिखल केलेला असतो.

हमीदा लिहीत गेली.
आंबट आंबा. विहीर. कुत्रं.
कुत्र्यापाशी तिचं पेन थांबलं.
तिने माझ्याकडे पाहिलं.
अकरा वर्षं आम्ही एकाच पायरीवर चहा पितोय
आणि मी कधी विचारलं नव्हतं
हा रस्ता किती पुरुष खोल आहे.

"तुम्हीपण चला की. मधल्या सीटवर जागा आहे."
"मी कशाला? गावच येतंय की रोज खाली."
आणि सदऱ्याची कॉलर दाबत त्यांनी सांगितलं,
चेष्टा नव्हे, हिशेब सांगावा तसं:
डोंगराच्या पोटातून बोगद्याने उतरतं,
चाकं फिरवतं,
पोफळीकडे बाहेर पडतं, वाशिष्ठीला मिळतं.
दुपारी पुलाखाली पाणी चढलं
की ते मान वर न करता म्हणतात, "आलं."
मला वाटायचं, गिऱ्हाईक.

खालून गोवळकोटची भरती, खारी.
वरून हे, गोडं, अंधारातून आलेलं, गार.
कुठल्या खांबापाशी भेटतात
ते मी अजून पाहिलेलं नाही.
आमच्या दुकानापासून चार मिनिटं लागतात.

"आणि तिथं नारळबिरळ सोडू नका," तातोबा म्हणाले,
"आठ दिवसांनी मलाच घावायचा."

हमीदाने दिवाळी खोडली, मे लिहिला,
मे खोडला, पुन्हा दिवाळी.
तिला पडणारं पाणी बघायचंय.
मला थांबलेलं.
गाडी तिची.

शटर अर्धं ओढल्यावर ते आत आले.
हातात प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत पिशवी, तिच्यात एक घडी.
शाळेचा दाखला. इयत्ता दुसरी.
शाई तपकिरी, घडीवर अक्षरं झिजलेली,
आणि जिथे गाव लिहितात तिथे त्यांचा अंगठा.

"आधार कार्ड आहे माझ्याकडं," म्हणाले,
"पण त्याच्यावर चिपळूण लिहिलंय.
फाटकावर हे चालंल का?"

मी अंगठा हलायची वाट पाहिली.
मग काचेवर कागद पालथा घातला,
झाकण न लावता.
हिरवा उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत
सावकाश गेला,
छतावरून, माझ्या हातावरून,
त्यांच्या हनुवटीखालून.

किती प्रती, ते मी विचारलं नाही.
यादीत, चटणीच्या खाली, हमीदाच्या अक्षरात
माणसं: दोन, असं होतं.