बावीस नंबरचं होल

खोर खुवैरच्या वर, तिसऱ्या बेंचवर
बावीस नंबरचं होल मारत होतो.
सहा मीटरपर्यंत पांढरी भुकटी नेहमीसारखी वर आली,
भुवयांवर बसली, डब्यावर बसली,
मग दांडा हातातून सुटावा तसा
एकाएकी खाली गेला.
कॉम्प्रेसर फुंकत राहिला
आणि धूळ वर यायची थांबली.

तंकच्चन धावत आला. बंद कर, खिरटकर, बंद कर.
मशीन थांबल्यावर डोंगर किती गप्प असतो
ते पाच वर्षांत पहिल्यांदा कळलं.

होलवर तोंड धरलं
तर आतून गार वारा.
जुलै. हेल्मेटमध्ये भात शिजेल असं ऊन,
आणि त्या चार बोटांच्या तोंडातून
माठाच्या बुडाचा वास.
गुलजमान ट्रकमधून उतरला, त्यानं तोंड धरलं,
मग शेही वॉचमननं, डोक्याचा रुमाल बाजूला करून.
नळावर राहतात तसे रांगेत उभे राहिलो आम्ही,
एकेक श्वास घ्यायला.

टेपला फोन बांधून, टॉर्च लावून खाली सोडला.
जेमतेम गेला. आठ मीटर, अकरा.
वर ओढला तेव्हा काच ओली होती.

पडद्यावर आधी काळोख,
मग फिरत फिरत छताला लोंबणारे दगड,
म्हशीच्या सडांसारखे, ओलसर, भरलेले,
आणि जमिनीतून त्यांच्याकडे चढणारे दुसरे, बुटके.
नववीच्या भूगोलात यांचं नाव होतं:
लवणस्तंभ. अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी, फरक स्पष्ट करा,
गुण दोन.
नावात लवण आहे म्हणून मी मीठ लिहिलं होतं.
सरांनी लाल रेघ मारली. अरे राजूरच्या पोरा,
तुला तरी चुना कळायला हवा.

राजूरला बाप भट्टीवर होता.
थर दगडाचा, थर कोळशाचा, वर पुन्हा दगड.
भाजलेली कळी हौदात टाकली
की विस्तवाशिवाय पाणी उकळायचं.
पोरं मला चिडवायची, याचा बाप साऱ्या गावाला चुना लावतो.
त्याच्या पेरांना भेगा होत्या,
भाकरी मोडताना ओठ आवळायचा.
म्हणायचा, भिंतीला दिलेला चुना हवा पितो
आणि पुन्हा दगड होत जातो,
घाई नसते त्याला.

व्हिडिओत एका जागी
वरच्याचं टोक आणि खालच्याचं डोकं
यांत बोटभर अंतर.
टोकाला थेंब.
किती वर्षं लागतील? गुलजमाननं विचारलं,
कंत्राटाची मुदत विचारावी तसं.
शेही म्हणाला, पावसावर आहे.
त्याचा आजा सांगायचा, इथं पडलेलं पाणी
आधी डोंगर पितो, माणसाला उरलंसुरलं.
मग तो आभाळाकडे बघून हसला, सोन्याचा दात दाखवत.

तंकच्चननं वहीत लिहिलं: पोकळी, सहा ते चौदा मीटर.
होलात खडीची पिशवी कोंबा,
तेवीस नंबर दोन मीटर सरकवा.
वाईट माणूस नाही तो.
पिशवी कोंबण्याआधी
त्यानंही एकदा कान लावला.

दुसऱ्या दिवशी बाराला सायरन, लाल झेंडा.
डोंगर उठला आणि बसला,
नेहमीपेक्षा जरा जास्त बसला.

संध्याकाळी क्रशरखालून वीस एमएमची खडी
जेट्टीकडे निघाली. जहाज कुवेतचं की कतारचं, विचारलं नाही.
पट्ट्यावरचा एक तुकडा ओला वाटला,
उचलून जिभेला लावला.
खारट नव्हता.

रात्री बंकावर पडून व्हिडिओ लावला.
एकूण एकेचाळीस सेकंद.
अडतिसाव्याला थेंब सुटतो,
तेवढ्यात टेप फिरते, नुसती भिंत दिसते.

मग आईचा फोन.
पोळ्याआधी घर पांढरं करायचंय,
चुना आणू की डिस्टेंपर?
चुनाच आण, म्हटलं. दोन हात दे.
आता कोण देतं चुना, ती म्हणाली, उडतो, अंगाला लागतो.
लागू दे, म्हटलं.