दाखला

शाळा सोडल्याचे कारण :
या रकान्यात मी आजवर लिहीत आलो
पालकांची इच्छा, पालकांचे स्थलांतर,
एकदा मुंजाजीच्या थोरलीसाठी 'घरगुती',
आणि घरगुती म्हणजे काय ते
तिला आणि मला, दोघांनाच माहीत होतं.

भाद्रपदात सिंदफणेनं शाळेत मुक्काम केला.
तीन खोल्या, एक व्हरांडा,
कुलूप न तोडता.
चौथ्या दिवशी दार ढकललं तर
पोषण आहाराचा तांदूळ आंबलेला,
भिंतीवरच्या नकाशात गाळाची एक जादा नदी,
आणि जनरल रजिस्टर फुगून दुप्पट,
जसं काही गावात एकाएकी लेकरं वाढली.

पानं सुटी करून तारेवर घातली.
एकसष्ट सालापासूनची पोरं
चिमट्यांना लटकून उन्हात वाळत होती.
टाकानं लिहिलेली निळी होऊन गेली,
बॉलपेनातली तेवढी तगली.
आश्रुबा आला, काठी उंबऱ्याला टेकवून म्हणाला,
'माझं नाव हाय का बघा गुरुजी,
पलाटाच्या यादीला पुरावा मागत्यात,
मी इथलाच हाय म्हणून.'
त्याच्या पानावर आभाळाचा रंग होता.
मी ते पान त्याला दाखवलं नाही.
उद्या या म्हणालो.

आठ वर्षांमागं याच व्हरांड्यापुढं
टँकर उभा राहायचा,
मधली सुट्टी टँकरच्या भोंग्यावर व्हायची.
हे मी कुणाला सांगत नाही आता,
खोटं वाटतं.

डोईफोड्यांचं घर माजलगावला गेलं,
एका खोलीत सहा जण, भाडं अडीच हजार,
पण खिडकीतून शाळेची घंटा ऐकू येते म्हणतात.
रौफभाईंनी पत्रे उकलून बहिणीच्या गावी नेले,
आधी पत्रे गेले, मग शेळ्या, मग लेकरं.
बाकीच्यांसाठी वर माळावर
चुन्याची फक्की टाकून आखलेलं नवं गावठाण :
एकशे बारा चौकोन, चार घरं,
एक बोअर, तिला गरम पाणी, तेही घागरभर.

द्वारका म्हणते,
'आधी शाळा वर न्या, मग मी जोतं घालते.
लेकरू रोज नाला उतरून खाली यील का?'
तालुक्याचं पत्र म्हणतं,
आधी वस्ती व्हावी, पट दाखवावा,
नंतर खोल्यांचा विचार करता येईल.
दोन्ही म्हणणी खिशात घालून
मी नाल्यावरच्या पुलाशी गाडी बंद करतो
आणि थोडा वेळ नुसता उभा राहतो.
पुलाचा एक कठडा नाही.

व्हरांड्यात उंची मोजायचा जिराफ रंगवलाय.
त्याच्या गळ्याशी गाळाची रेघ,
एकशे अठ्ठावीस सेंटिमीटर.
कितीदा पुसली, चुना लावला, ती वर येतेच.
तिसरीतल्या गंगासागरनं एकदा पाठ लावली,
टाचा टेकवल्या, डोक्यावर पाटी आडवी धरली :
'गुरुजी, मी पाण्याहून दोन बोटं वर!'
सगळा वर्ग रांगेत आला मग.
पहिलीच्यांना मी मागं फिरवलं,
म्हणालो, घंटा झाली.
घंटा झाली नव्हती.

पट एकेचाळीस होता. सतरा राहिले.
आज सोळा.
तिचा बाप अंगद दारात, हातात चप्पल,
ती त्याच्या मागं, दप्तर छातीशी.
मी रकान्यात लिहिलं : नदी.
मग आठवलं, असलं कारण वरचे मानत नाहीत
आणि दाखल्यावर खाडाखोड चालत नाही.
कागद फाडला. दुसरा घेतला.
पालकांची इच्छा.

अंगद अक्षर लावून लावून वाचत गेला,
तिथं थांबला.
'इच्छा कुठली गुरुजी,' एवढंच म्हणाला
आणि सही केली.

मी शिक्का मारला.
शिक्क्याची शाई लवकर वाळेना.
आम्ही दोघं वाकून
तिच्या नावावर फुंकर घालत बसलो,
आणि ती जिराफापाशी पाटी शोधत होती.