दीड माणसाचं भांडं

"किती माणसांचं?" मुर्तझाभाईंनी विचारलं,
बोहरी आळीत, भर दुपारी.
मी म्हटलं, हलकं दाखवा.
"हलकं म्हणजे किती?"
पिशवीतून वजनकाटा काढला,
दिवाळीत बेसन मोजायचा, सेलवरचा,
आणि त्यांच्या गल्ल्याशेजारी मांडला.
ते हसले नाहीत. गिऱ्हाइकं पाहिलीत त्यांनी.

हिंडालियम, झाकणासकट, दोनशे दहा ग्रॅम.
स्टील तीनशे चाळीस. ठेवा परत.
ॲल्युमिनियमचं, कडी काढली तर एकशे बारा.
"कडी काढून धरणार कशानं?"
पकडीनं.
पकड काट्यावर ठेवली. छत्तीस.
"मग कडीनं काय घोडं मारलंय?" ते म्हणाले,
आणि त्यांचं बरोबर होतं.

टायटॅनियमचं कॅम्पात बघून आले होते.
अठ्ठ्याण्णव ग्रॅम. हातात घेतलं तरी
घेतलंय असं वाटेना.
किंमत वाचली तेव्हा जड झालं.
शिवाय त्यात खिचडी लागते,
बरोबर मध्यभागी, रुपयाएवढी.
नुसतं पाणी उकळायला
मी गड चढत नाही.

शेगडीचं आधीच ठरलं होतं.
तीन रात्री सहकारनगरात, आमच्या गच्चीवर:
कोल्ड्रिंकच्या डब्याची स्पिरिटची चूल,
भाच्यानं भोकं पाडून दिलेली, वजन बारा ग्रॅम.
ज्योत निळी, देखणी, आणि वाऱ्याला भित्री.
अकरा मिनिटं झाली, आधण नाही.
उपासनीबाई वाळवण काढायला आल्या,
"सिलिंडर संपला होय? या की आमच्याकडे."
मग इंधनाच्या वड्या. भांड्याला डांबर, नाकाला ताप.
शेवटी गॅसचा बर्नर, त्र्याऐंशी ग्रॅम,
डब्यावर फिरवून बसवायचा,
साडेतीन मिनिटांत झाकण थडथडलं.
डब्यात गॅस किती उरलाय हे
बादलीत तरंगवून बघायचं, किती बुडतो त्यावरून.
हे मला फार आवडलं.

आमचं जुनं पातेलं कोणी कधी मोजलं नाही.
ढमढेरे ते सॅकला बाहेरून बांधायचा
आणि पाली दरवाजापर्यंत
त्याच्या पाठीवर भजनी मंडळ चालायचं.
तीन दगड, ओली लाकडं,
बुडाला बाहेरून माती फासायची,
म्हणजे काजळी मातीबरोबर निघते,
ही नलूची विद्या.
पाच जण एकाच पातेल्यात चमचे घालायचे
आणि करपलेल्या बुडावरून भांडायचे.

ढमढेरेचे दोन्ही गुडघे बदलले.
नलू मेलबर्नला, नातीच्या शाळेच्या वेळांत अडकलेली.
देशिंगकर वारला, त्याचा धाकटा भाऊ फोन उचलत नाही.
पातेलं ढमढेरेच्या बाल्कनीत आहे,
त्यात कोरफड लावलीय, चांगली फोफावलीय.

पाठीवर साडेसात किलोच्या वर नको, डॉक्टर म्हणाले.
जाऊच नका, असंही म्हणाले,
पण ते नंतर म्हणाले.

"एकाचं साडेसातशे मिली," मुर्तझाभाई म्हणाले,
"दोघांचं सव्वा लिटर. बोला."
मधलं नाही का?
ते माळ्यावर चढले, बराच वेळ खुडबुडले,
आणि धुळीनं भरलेलं, कडेला पोचा आलेलं
एक घेऊन उतरले.
नऊशे मिली, एकशे एकतीस, कडीसकट.
"हे दीड माणसाचं," फुंकर मारत म्हणाले.
"अर्धा कोण?"
मी पैसे मोजत होते.

घरी आल्यावर गॅसचा डबा आत घालून बघितला.
बसला. खडखडतो जरा.
बर्नर त्याच्या बाजूला, काडेपेटी, मुगाची डाळ, तांदूळ,
चहाची पुडी, साखर,
सगळं सॅकमध्ये भरून
मोठ्या काट्याच्या हुकाला लावलं.
सात किलो पाचशे चाळीस.

दुसरा कप बाहेर काढला
तर बरोबर साडेसात होतं.

काढला. पुसला.
परत आत ठेवला
आणि काटा खिळ्याला टांगून दिला.