पंचविसाचा कट्टा

दोडमनी सर सांगतात, श्वास मोजा,
दहापर्यंत, मग परत एक.
माझं दहावर थांबणं होत नाही.
अकरा, बारा… चोवीस, पंचवीस,
आणि बोटं आपोआप दोरा शोधतात.

निपाणीत तीस वर्षं विड्या वळल्यावर
दहाचा हिशेब कुठला बसायला?

विहाराच्या गार फरशीवर आम्ही अकराजणी,
आणि चिक्कोडीहून येणारा तो पोरगा,
ज्याला मराठी अर्धीच कळते.
सर त्याच्यासाठी पुन्हा म्हणतात, उसिरु.
मला तो उसाशासारखा ऐकू येतो,
म्हणून मी एक सोडते.

मग शेवंताक्काला खोकला लागतो,
जुना, वखारीतला.
कुणी डोळे उघडत नाही.
आम्ही सगळ्या त्या खोकल्यात बसून राहतो,
तो थांबेपर्यंत,
एकीची पानं संपली
की शेजारणीनं न बोलता
आपल्या सुपातली सरकवावीत, तसं.

मन कुठं गेलं होतं, सर विचारतात.
सुपात, मी सांगते.
ते हसत नाहीत.
मग सूप बघा, म्हणतात.

ह्या गुरुवारी दहावर थांबले.
उरलेले पंधरा
अजून मांडीत आहेत,
सैल, दोऱ्याविना.