हातचा एक

खांबाला पट्ट्यानं बांधलेला कॅमेरा
सकाळी सहाला डोळा उघडतो, संध्याकाळी सहाला मिटतो.
मधले बारा तास फाइल होऊन माझ्याकडे येतात
आणि मी डेटनमधल्या एका तळघरात,
हीटरला गुडघे टेकवून,
केलर रोडच्या चौकातल्या गाड्या मोजते.

डावीकडे वळली, एक कळ. सरळ गेली, दुसरी.
ट्रक, बस, सायकल, पायी.
दिवसाला चार हजार कळा, आणि रात्री मनगटात
त्या सगळ्यांची मिळून एक.

नियम डेल कोवाल्स्कीनं पहिल्याच दिवशी सांगितला:
पडद्यावर पिवळी रेघ आहे.
ओलांडली, तर आहे. नाही ओलांडली, तर नाही.
एकदा मी ‘इतर’मध्ये एक बदक आणि सात पिल्लं धरली.
डेल म्हणाला, आठ खोड. हसला नाही.

दहा चौदाला ती येते.
हिरवा कोट, चाकांची लाल पिशवी.
समोर औषधांचं दुकान. मधे पाच पदरी रस्ता.
एक पाय खाली ठेवते. उचलते.
पुन्हा ठेवते.
दहा एकतीसला पिशवी फिरवते आणि घरी जाते.
सतरा मिनिटं. चारशे बारा वाहनं.
पायी: शून्य.

अहवालात मग एकच वाक्य जाणार:
इथे कोणी रस्ता ओलांडत नाही, सबब सिग्नलची गरज नाही.
तिला खिजगणतीतही जागा नाही.

शेळके बाई बेरीज शिकवताना
पाटीवर खडूनं टकटक करायच्या:
हातचा कुठाय? हातचा विसरलात की अख्खं उत्तर चुकलं.
जागा नसेल तर डोक्यावर टिंब द्या.

‘पायी’च्या कळेवर बोट कितीदा गेलं.
पण माझे वडील रेशनच्या दुकानात तराजू धरायचे,
काटा थरथरायचा थांबेपर्यंत गिऱ्हाईकाशी बोलायचे नाहीत.
दाबली नाही.

दुसरी मोजणी गुरुवारी होती. मी रजा टाकली,
दोन बस बदलून त्या कोपऱ्यावर गेले.
वरून दिसत नाही, पण तिथे उतार आहे,
आणि वाऱ्याला तळलेल्या कांद्याचा वास.
दहा चौदा. आली.
चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते. वरून फक्त टोपी दिसायची.
मी हात पुढे केला. चला, बरोबर जाऊ.
ती म्हणाली, मी ओळखत नाही तुम्हाला.
मी म्हटलं, मी ओळखते.

बोलून गेले.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझी नजर गेली तिकडे,
वर, खांबाकडे.
पिशवी पायाशी ओढून घेतली.

मी एकटीच गेले. एक पिकअप कर्कश्श ओरडला,
दुभाजकही नाही की थांबावं,
पलीकडे पोचले तेव्हा तोंडाला कोरड.
दुकानातून खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, उगाच,
आणि बसनं परत.

ती फाइल सोमवारी माझ्याच मेजावर आली.
तपकिरी जाकीट, मधोमध भांग, चालणं आईसारखं.
रेघ ओलांडली. पायी: एक.
हातानं दाबताना लाज वाटली, पण खरं ते खरं.

मी चौकटीबाहेर गेल्यावर ती तिथेच.
दहा सत्तावीस. पाय खाली.
आणि कचऱ्याचा ट्रक येऊन
नेमका पिवळ्या रेघेवर थांबला. तेरा सेकंद.
हलला, तेव्हा कोपरा रिकामा.
पलीकडची फरसबंदी कॅमेऱ्यात येत नाही.
घराकडची वाटही नाही.

सहा वेळा मागे नेऊन पाहिलं.
ट्रक: एक. ते लिहिलं.
मग पेन्सिल घेऊन, कागदाच्या कडेला,
शून्याच्या डोक्यावर
एक टिंब.