हातचा

मुख्याध्यापिका बाईंस,
नोटीस मिळाली.
तीन दिवसांत खुलासा मागवलाय आपण.
तीन दिवस म्हणजे माझे नऊ तास,
तासाला एकशे वीसप्रमाणे किती
ते पाचवीतलं कुठलंही पोर सांगेल,
तोंडी.
मिळाले किती, ते मात्र कुणाच्याच पाढ्यात नाही.
दिवाळीपासून.

खरं आहे, बाई.
सहा फुल्या खोडून सहा टिंबं मीच दिली.
एकतीस पोरं बसली होती,
फळ्याच्या कोपऱ्यात मी लिहिलं : हजर ३७.
उरलेली खिचडी रुक्साना मावशी
काही न बोलता माझ्या डब्यात ओतायच्या.
त्यांचेही चार महिने थकलेत,
त्यामुळे आमच्यात बोलण्यासारखं फार नव्हतं.

डबा घेऊन जनता वसाहतीचा उतार उतरायचो,
बस टाळून पायी सदाशिव पेठेत.
तिथल्या अभ्यासिकेला रात्री कुलूप लावतो मी,
त्याच अभ्यासिकेला, जिथं सहा वर्षं
बाक क्रमांक चौदावर साहेब व्हायला बसलो होतो.
आता चौदावर लातूरचा एक मुलगा बसतो.
परवा म्हणाला, सर, डब्याचा वास येतो,
बाहेर खा ना.
जिन्यात बसून खाल्ली.
गार खिचडीत हळद तेवढी जागी असते.

साठे बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत.
खुर्चीत त्यांची उशी आहे, कशिद्याची.
चार महिने मी कडेकडेनं बसतोय,
उशी चुरगळू नये म्हणून.
एवढं जपलं, हेही नोंदवून ठेवावं
असं वाटलं होतं.

पण नोटिशीत जे नाही, तेच लिहायला बसलोय.
आपण तांदळाचा हिशेब मांडलात,
सहा जणांचा, नऊशे ग्रॅम,
डाळ वेगळी, तेल वेगळं.
बिरू मदनेचा गाल त्यात कुठंच नाही.

वजाबाकी चालू होती त्या दिवशी.
मी सांगत होतो, एकक अपुरे पडले
की शेजारच्या दशकाकडून मागायचं.
बिरू उभा राहिला.
मागच्या बाकावरचा, शर्टाला दोनच बटणं.
कोपऱ्यातला आकडा बघत म्हणाला,
सर, सदतीसातून एकतीस गेले तर सहा.
हातचा घ्यायचीसुद्धा गरज नाही.
मग हे सहाजण कुठं बसलेत?

विचारताना हसला नाही तो.
हसला असता तर मला बरं पडलं असतं.
मी हात उचलला.

पाच बोटं उमटली.
वर्ग इतका गप्प झाला
की खालच्या चौकातला रिक्षावाला
कुणाशी भांडतोय ते शब्द न् शब्द ऐकू आलं.
बिरू खाली बसला. रडला नाही.
घरी चेंडू लागला म्हणाला असं कळलं.
आई बाणेरला बांधकामावर जाते,
रोज बुडवून शाळेत भांडायला येणं
तिला परवडत नाही, हे मला माहीत होतं.
मारायच्या आधीच माहीत होतं का?
तीन दिवस झाले, हे एकच गणित सुटत नाही.

पहिल्या खर्ड्यात हा मजकूर नव्हता.
त्यात मानधन होतं, टीईटी दोनदा पास होतो ते होतं,
उशीसुद्धा होती.
वाचून पाहिलं तर सगळं खरं,
आणि तरी सगळं मिळून खोटं.
मानधन थकलंय म्हणून डबा भरला, हे मी कुणालाही सांगेन.
मानधन थकलंय म्हणून बिरू,
हे वाक्य पुरं होत नाही.

तरी नोटिशीत कलम वाढवावं.
नाव पूर्ण लिहावं, बिरू तुकाराम मदने.
आणि थकबाकीचंही बघावं,
दोन्ही एकाच कागदावर आली तर माझी हरकत नाही.

त्याची वही माझ्याकडं राहिलीय.
शेवटच्या पानावर ३७ उणे ३१,
खाली रेघ,
रेघेखाली काही नाही.
उत्तर येतं त्याला.

लाल पेन साठे बाईंच्या कपाटात आहे.
चावी मिळावी.

भारत शिंगटे
तासिका तत्त्वावर